डावीकडे उघडणारा शंख

शंख तांदळाच्या कणीपेक्षा मोठा नव्हता.

तो मास्कच्या पट्ट्यात, बक्कल बसतं त्या फटीत अडकला होता. रत्नमाला मनवरने लगेच चिमटा लावला नाही. आधी भिंग धरलं. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड डावीकडे उघडत होतं. कवच पिवळसर, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, रबराचा काळा रंग आरपार दिसेल इतकं. पट्टा ओला असताना तो आत शिरला असणार. मग पट्टा वाळला, रबर आवळलं आणि त्याला बाहेर पडता आलं नाही.

"मॅडम, फुटका हाय का वो?" राखीने विचारलं.

ती मास्कबद्दल विचारत होती. शंख तिला दिसलाच नव्हता.

शनिवारची दुपार. वाशिमच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी होती. राखी गोटे रत्नमालाची जुनी विद्यार्थिनी. अनसिंगहून बाजाराचं निमित्त काढून आली होती. पिशवीत वर मेथीच्या जुड्या आणि तळाशी हा मास्क. डोळे आणि नाक झाकणारा, पुढे जाड काच असलेला, समुद्रात बुडी मारणारे लावतात तसा. तिच्या नवऱ्याचा, गणेशचा.

"काच शाबूत आहे. पट्टाही," रत्नमाला म्हणाली.

"मग पानी कुठून शिरलं? तो चांगला पोहनारा होता मॅडम. विहिरीतून मोटरा काढे. एवढंच समजू द्या मले, तो कसा गेला..." ती थांबली. "कसा हरवला."

'गेला' हा शब्द तिच्या सासरी चालत नव्हता.

"मास्क तुझ्या हाती कसा आला?"

"आत्याबाई हळदीकुंकवाले गेली. पेटीची चावी पदराले बांधलेली असते, आज लुगडं बदललं अन् ईसरली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ईसरली. ती यायच्या आत परत ठेवाचा हाय."

"सासूबाईंच्या पेटीत आणखी काय आहे?"

"माहे कागद. डिग्री, आधार, सगळं. लग्नातल्या साड्या."

रत्नमालाने भिंग खाली ठेवलं. अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा होती. तिने राखीचं नाव सुचवलं होतं. सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. दसऱ्यापासून राखी एकच उत्तर देत होती.

"सोमवारचं काय?"

"पाहतो, मॅडम."

"किती दिवस पाहशील?"

"माणूस यायचा हाय अन् बायको घर सोडते, असं म्हणतेत आत्याबाई. माहेरी फोन केला तर तेही म्हणते, थांब. मी ना धड सवाशीण, ना धड..." तिने मेथीच्या जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "मेला म्हणाव तर देह नाही. जित्ता म्हणाव तर फोन नाही. कायचं उत्तर देऊ अकोल्याले?"

रत्नमालाने खुर्ची जवळ ओढली.

"पहिल्यापासून सांग. तुला फालतू वाटेल तेही सांग."

गणेश आणि त्याचा मित्र सतीश, दोघांची जोडी. विहिरीत पडलेल्या, गाळात रुतलेल्या मोटरा काढायच्या. गणेश उतरायचा, सतीश वरून दोर धरायचा. दोन वर्षांपूर्वी गणेशला कुणीतरी अंदमानात नेलं. तिथल्या एका बोटीवर काम मिळालं. ती बोट पर्यटकांना चार-चार दिवस ज्वालामुखीच्या बेटाभोवती फिरवायची, समुद्रातले प्राणी दाखवायला पाण्यात उतरवायची. गणेश आधी सामान उचलायचा, मग बुडी मारायचं रीतसर शिकला आणि पर्यटकांना हात धरून खाली नेऊ लागला.

"हे पाहा." राखीने मोबाइल पुढे केला.

रत्नमाला वीस वर्षं प्रवाळ आणि सागरी प्राणी तक्त्यावरून शिकवत आली होती. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, तोही काठावरून. आता त्या हाताएवढ्या पडद्यावर वर निळं पाणी होतं आणि खाली काळा उतार, तळ न दिसणारा. लाल जॅकेट घातलेली माणसं तोंडात नळी धरून पालथी तरंगत होती. त्यांच्या खालून एक कासव, घाई नसलेल्या म्हाताऱ्यासारखं, निघून गेलं. मग अंधारातून सतरंजीएवढा मांटा मासा वर आला, पंख हलवत कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, आणि वळला. त्याचं पांढरं पोट क्षणभर सगळ्या पडद्यावर पसरलं.

पुढच्या व्हिडिओत गणेश बोटीवर होता. मागे उघडा डोंगर, माथ्यावर धुराची बारीक रेघ.

"पाह्य राखे, धूर निंघून राह्यला. जित्ता हाय हा डोंगर. अन् खालचा काळा दगड वळखला का? आपल्या विहिरीचाच व."

"बेसॉल्ट," रत्नमाला नकळत म्हणाली. "बरोबर आहे त्याचं."

"मीच सांगतलं होतं त्याले, तुमी शिकवलं तसं. वऱ्हाड बी लाव्हाचंच हाय म्हणून." राखी पहिल्यांदा किंचित हसली. "तो म्हणे, त्या बेटावर सरकार पाय ठेवू देत नाही. बोटीतच झोपाचं, बोटीतच जेवाचं, बोटीतूनच पाण्यात उतराचं. राखे, म्हणे, इथं पाण्याले काठच नाही."

शेवटचा व्हिडिओ उन्हाळ्यातला. गणेश दोर गुंडाळत होता. "आता बोट बंद होईन. पावसात समुद्र लय खवळते. दसऱ्यानंतर पुन्हा चालू."

"मग पावसाळ्यात घरी आला?"

"पहिल्या साली आला होता. विहिरीची कामं केली अन् दसऱ्याले गेला. जाताना 'येतो' म्हणून गेला. गेल्या साली आलाच नाही. फोन कमी झाला, मंग बंद. अन् पोळ्याच्या आधी सतीश आला, गणेशची पिशवी घेऊन. तो गणेशकडे फिराले गेला होता म्हणे. गणेश बुडी माराले उतरला, भोवऱ्यानं वढला. मास्क तेवढा वर आला."

"सासऱ्यांनी पोलिसात नाही कळवलं?"

"मामाजी निंघाले होते. आत्याबाईनं त्यांच्या चपला लपवल्या. पोलिसात गेलं की मेला म्हणून लिहून देतीन, म्हणे. माहा पोरगा मेला नाही."

"नवस बोलल्या का कुठं?"

"नाही."

"कुणा भगताला विचारलं?"

"नाही." राखीने मान वर केली. "काहून?"

"सहज. आधी कधी विचारायच्या?"

"बकरी हरवली होती तवा तीन गावं हिंडली. देवाले नारळ कबूल केलं."

"सतीश आला तेव्हा त्या घरी होत्या?"

"होत्या. आसेगावहून आल्या होत्या. माहेर हाय त्यांचं. भावाशी कितीक वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या साली पंचमीले अचानक गेल्या, भावानं बोलावलं म्हणून. आल्या अन् पुढं हे झालं."

रत्नमालाने आता चिमटा उचलला. शंख अलगद काढून काचेच्या छोट्या बाटलीत टाकला. मग पट्ट्याच्या सुरकुत्या, काचेची कड, रबराच्या घड्या भिंगाखाली एकेक पाहिल्या.

"हा मास्क इथं आल्यावर कुणी धुतला?"

"कोन धुईन? त्याच दिवशी कुलपात गेला."

"ठीक. मास्क जागेवर ठेव. शंख माझ्याकडे राहू दे. आणि ते लाल जॅकेटवालं मला पाठव."

"कायले?"

"जॅकेटवर बोटीचं नाव आहे."

*

रविवारी सकाळी रत्नमालाने एक फोन केला. बोलणं फार चाललं नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग स्कूटी काढून अनसिंगला निघाली.

सतीशचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान रस्त्यालाच होतं. तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता. डोक्यावर भिंतीला जाड दोराचं वेटोळं टांगलेलं.

"या मॅडम. मिक्सर जळला का?"

"नाही. गणेशचं विचारायचं होतं."

तारेचा पीळ थांबला. "काय राह्यलं आता इचारासारखं?"

"तुम्ही होतात ना त्या वेळी?"

"होतो ना. डोयानं पाह्यलं."

"कुठं होतात?"

"काठावर. तो उतरला, अन् पानी असं गरगर फिरलं. मास्क वर आला. तो नाही आला."

"मग काय केलंत?"

"काय करनार? तिसऱ्या दिवशी माणूस फुगून वर येते. तीन दिवस काठावर बसून राह्यलो. नाही आला."

"मास्क?"

"तसाच पिशवीत टाकला. कोन धुते तवा? तसाच आणून मायच्या हातात देल्ला."

"माय म्हणजे मनकर्णाबाई? राखीच्या सासूबाई?"

"मले तीच माय. माही आई गेली तवापासून हिच्याच घरी जेवलो."

"तुम्ही अंदमानला कधी गेलात?"

"आखाडीच्या मांगून. अन् पोळ्याच्या आधी आलो."

"मधे इकडे चक्कर?"

सतीश हसला. "मॅडम, अंदमान हाय ते. अनसिंग-वाशिम टमटम नाही."

रत्नमालाही हसली. तिने वर टांगलेल्या दोराकडे पाहिलं. "आता विहिरीचं काम कोण करतं?"

"बंद. दोघं लागतेत. एक उतरनारा, एक रस्सी धरनारा. मले तं पोहता बी येत नाही. लोक येतेत, मी वापस पाठवतो."

"शेवटची मोटर कुठली काढली?"

"आसेगावची," सतीश सवयीने म्हणाला. "पंचमीच्या टायमाले. हीर काठोकाठ भरली होती, मोटर पार..."

तो थांबला. तार हातातून सुटली आणि स्प्रिंगसारखी उलगडत गेली.

"ते आधल्या सालचं म्हणतो मी."

"बरं."

"चहा घेता का मॅडम?"

"नको. मी गोट्यांकडे चालले. तुम्हीही या. तुम्ही आलात तर बरं होईल."

*

गोट्यांच्या घरी ओट्यावर उकंडराव बसले होते, गणेशचे वडील. मांडीवर छोटा रेडिओ. त्यावर हवामान लागलं की ते आवाज वाढवत. अंदमानचं नाव आलं की कान लावत. पाच महिने हाच नेम होता.

आत पाटावर हळदीकुंकवाचं ताट अजून तसंच होतं. मनकर्णाबाईंनी रत्नमालाच्या हातावर तीळगूळ ठेवला. साठीच्या, काटक बाई. पदराच्या टोकाला गाठ, गाठीत चावी.

"राखी, पानी दे वं मॅडमले. बसा. पोरीले नोकरीचं सांगू नका फक्त. तिचा माणूस यायचा हाय."

"त्याच्याबद्दलच बोलायला आले मी."

राखी पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली. बाहेर मोटरसायकल येऊन बंद पडली. सतीश ओट्यावर आला, आत आला नाही.

रत्नमालाने पर्समधून काचेची बाटली काढून पाटावर ठेवली.

"हे काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"शंख. गणेशच्या मास्कमध्ये अडकला होता."

मनकर्णाबाईंचा हात आधी पदराच्या गाठीवर गेला. मग त्यांनी राखीकडे पाहिलं.

"पेटी उघडली व तू?"

"मी विचारते त्याचं उत्तर द्या मावशी, मग तिला बोला," रत्नमाला शांतपणे म्हणाली. "हा शंख डावीकडे उघडतो, आणि कागदापेक्षा पातळ आहे. ही गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे. आपल्या विहिरीत, तळ्यात, ढोरांच्या हौदात सापडते. मी दरवर्षी पोरांना हीच दाखवते. खाऱ्या पाण्यात ही जगत नाही."

"हौदात पडला अशीन मास्क."

"कधी? सतीश म्हणतो, न धुता तुमच्या हातात दिला. राखी म्हणते, त्याच दिवशी कुलपात गेला. शिवाय समुद्राचं पाणी वाळलं की मीठ मागे राहतं. न धुतलेल्या मास्कच्या घडीघडीत पांढरी खर दिसायला हवी. एक कण नाही. मी भिंगाने पाहिलं. समुद्रानंतर हा मास्क गोड्या पाण्यात बुडला होता, चांगला बराच वेळ."

ओट्यावरचा रेडिओ कापसाचा भाव सांगत होता.

"दुसरं. गणेश बुडाला कधी? पोळ्याच्या आधी. म्हणजे भर पावसाळ्यात. पण त्या दिवसांत बोटी बंद असतात. तो स्वतः राखीला सांगतोय, व्हिडिओत. बोट बंद होती तर तो बुडी मारायला उतरला कुठून?"

राखीने तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"मले सुचलंच नाही," ती हळू म्हणाली.

"तुला सुचू दिलं नाही कुणी. सतीशभाऊ, तुम्ही काठावर बसला होतात ना? तीन दिवस?"

दाराबाहेर चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"त्या बेटावर कुणाला पाय ठेवू देत नाहीत. बोटीवरच राहायचं. तिथं पाण्याला काठच नाही, असं गणेश म्हणायचा. काठ असतो विहिरीला. तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची असते तीही विहिरीच्या काठावर. तुम्ही समुद्र पाहिलेलाच नाही. गोष्ट रचायची होती, तर तुम्हाला ठाऊक होतं तेच पाणी तुम्ही सांगितलं."

"मॅडम, मी..."

"आखाडीपासून पोळ्यापर्यंत तुम्ही अंदमानात होतात म्हणता, आणि पंचमीला आसेगावच्या विहिरीतून मोटर काढली म्हणता. तुम्हाला पोहता येत नाही. मग खाली उतरलं कोण?"

उकंडरावांनी रेडिओ बंद केला.

रत्नमाला मनकर्णाबाईंकडे वळली. तिचा आवाज वाढला नव्हता.

"पंचमीला तुम्ही आसेगावला गेलात. कितीक वर्षांनी. भावाने बोलावलं म्हणून. पण भावाकडे कोण आलं होतं?"

"कोनी नाही."

"मावशी, तुमची बकरी हरवली तेव्हा तुम्ही तीन गावं हिंडलात. देवाला नारळ कबूल केलं. पोटचा पोरगा समुद्रात हरवला आणि तुम्ही एक नवस बोलला नाहीत. कुणाला विचारायला गेला नाहीत. पोलिसांकडे जाऊ दिलं नाही. सगळं गाव म्हणतं, आईची काय आशा आहे. आशा असलेलं माणूस स्वस्थ बसत नाही. जे हरवलं नाही ते शोधायचं कशाला?"

मनकर्णाबाईंनी ताटातली हळद बोटाने सारखी केली. पुन्हा केली.

"आज सकाळी मी त्या बोटीच्या ऑफिसला फोन केला. गणेश गोटे आहेत का, विचारलं. तिकडचा माणूस म्हणाला, 'गणेश भैया? वो तो पानी में हैं, मैडम. शाम को बात कराऊँ?'"

तांब्या खाली पडला. घरंगळत पाटापाशी येऊन थांबला.

"जित्ता हाय?" उकंडराव दारात उभे होते. रेडिओ छातीशी. "मनकर्णे, जित्ता हाय तो?"

"हाव," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"अन् तुले मालूम होतं?"

"हाव."

उकंडराव तिथेच उंबऱ्यावर बसले. "मी रोज त्याच्यासाठी घास काढून ठेवतो व," ते म्हणाले. "माशांले पोचला पाह्यजे म्हणून हिरीत टाकतो."

सतीश आता आत आला होता. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. "बाबा, मायनं सांगतलं म्हणून मी बोललो. तो आसेगावले आला होता. घरी येनार नाही म्हणे. मामाची मोटर पडली होती, तं म्हणे चाल, एक शेवटची काढू. तोच मास्क लावून उतरला. वर आला तं हसून राह्यला होता. म्हणे सत्या, हिरीत आता दम कोंडते."

"मग काय म्हणाला?" हे राखीने विचारलं. आवाज कोरडा होता.

उत्तर मनकर्णाबाईंनी दिलं.

"म्हणला, माय, मी आता तिकडंच राहीन. मले हे गाव, हे घर, हिरी, काहीच नाही पाह्यजे. पिशवी फेकली माह्याजवळ. म्हणला, राखीले सांग..." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "राखीले सांग, तू मोकळी हायेस. तिच्यापुढं तोंड नव्हतं त्याचं. निंघताना पाया पडला. जन्मभर 'येतो' म्हणून गेलेलं लेकरू, 'जातो' म्हणला. जातो, माय. मी म्हटलं येतो म्हण. नाही म्हणला."

"अन् तुमी मले नाही सांगतलं."

"कसं सांगू? मेला म्हणलं तं तू जाशीन. सोडून गेला म्हणलं तरी तू जाशीन. मंग त्याले वापस यायले काय राह्यलं इथं? घरात बायको असली तं माणूस येते. आज नाही तं उद्या येते. समुद्र काय जन्मभराचा असते?" त्या रत्नमालाकडे वळल्या. "तुमी शिकल्या-सवरल्या. तुमीच सांगा, मी काय वाईट केलं? पोराले दार उघडं ठेवलं."

"त्याला दार उघडं ठेवलंत," रत्नमाला म्हणाली. "कुलूप हिला लावलं."

मग उकंडराव उठले. बायकोसमोर जाऊन त्यांनी हात पुढे केला. रागाने नव्हे, मीठ मागावं तसा. मनकर्णाबाईंनी गाठ सोडायला वेळ लावला. गाठ पाच महिन्यांची, घट्ट झालेली होती. शेवटी दातांनी सोडली. चावी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली नाही. पाटावर, त्या बाटलीशेजारी ठेवली.

राखीने चावी उचलली.

पेटी उघडल्याचा आवाज आतून आला. कागदांची सळसळ. सतीश ओट्यावर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. रत्नमालाही अंगणात आली, स्कूटीपाशी थांबली. आत जाऊन काही सांगावं असं तिला वाटलं नाही. सांगण्यासारखं होतं ते सांगून झालं होतं. आता जे बोलायचं ते तिचं नव्हतं.

राखी बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर एकच बॅग होती आणि हातात कागदांची फाइल. मास्क तिने घेतला नव्हता. ती उकंडरावांच्या पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरले. मग तिने स्वतःच हळूच मान बाजूला केली.

मनकर्णाबाई उंबऱ्याच्या आत होत्या.

"कुठं जातं?"

"अकोल्याले. उद्या जाऊन होय सांगाचं हाय."

"सणावाराले येशीन?"

राखीने बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"बरं, नको येऊ. पन जातो म्हणू नको, राखे. घरातून निंघताना माणूस येतो म्हणते. दुश्मनाच्या घरून बी येतो म्हणूनच निंघते." मनकर्णाबाईंनी दाराची चौकट धरली. "एका तोंडानं ते ऐकलं हाय मी. तू तरी येतो म्हण."

राखीने पायरीवर पाय ठेवला. दसऱ्यापासून ओठांवर असलेलं 'पाहतो' तिथे आलं असावं, कारण तिचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. ती वळली. सासूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"मी जातो, आत्याबाई."